ओटागोत घेतलेली पँट

न्यूझीलंडच्या ओटागो भागातल्या डनीडिनच्या विमानतळावर मी उतरलो, माझी बॅग उतरली नाही. पट्टा बराच वेळ रिकामा फिरला, मग तोही थांबला. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म भरून घेतला आणि ‘दोन दिवसांत घरपोच’ असं इतक्या गोड आवाजात सांगितलं की भांडायलाही जागा उरली नाही. अंगात मुंबईच्या उकाड्यासाठी घातलेली पातळ सुती पँट आणि बाहेर एप्रिलअखेरचा वारा. हा वारा थेट दक्षिण ध्रुवाकडून निघतो म्हणे, आणि वाटेत त्याला अडवायला कुणी नाही.

"मामा, आधी तुला पँट घेऊ, मग घरी जाऊ," मनू म्हणाली. मनू माझी भाची. इथल्या विद्यापीठात संशोधन करते, चार वर्षं झाली.

जॉर्ज स्ट्रीटवर तिने मला ‘हॅलनस्टीन ब्रदर्स’मध्ये नेलं. आमचं कराडला कापडाचं आणि पुढे तयार कपड्यांचं दुकान होतं. वडील गेले, दुकानही गेलं, पण सवय जात नाही. मी पँट उलटी केली, आतली शिलाई बघितली, काज अंगठ्याने ताणून पाहिलं. काउंटरवरचा पोरगा जरा चमकून बघत होता. कमरेला बसली, लांबीला चार बोटं जास्त. म्हटलं चालेल. पैसे देताना पाटीवर नजर गेली: १८७३ पासून. सव्वाशे-दीडशे वर्षं एकच नाव लावून पँटी विकणारं घराणं म्हणजे गंमत नाही. आमचं तीन पिढ्यांतच आटोपलं.

"हे हॅलनस्टीन कोण होते?" मी विचारलं.

"ब्रँड आहे, सर," पोरगा म्हणाला.

रात्री मनूने पँटीला आतून दुमड घालून कच्चा टाका मारला. "बॅग आली की उसवून टाकू," म्हणाली. मी तोवर तिच्या लॅपटॉपवर हे ‘ब्रँड’ शोधत बसलो होतो.

बेंडिक्स हॅलनस्टाइन. इथले लोक ‘स्टीन’ म्हणतात. तो स्वतः काय म्हणत असेल कोण जाणे. जन्म १८३५चा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या संस्थानात, लेसे नावाच्या गावी. ज्यू कुटुंब, वडिलांची लोकरीची गिरणी. म्हणजे कापड रक्तातच. सतरा वर्षांचा असताना, १८५२मध्ये, तो मँचेस्टरला कारकुनीला गेला. पुढे १८५७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाला, कारण भाऊ आधीच तिथे सोन्याच्या खाणींच्या मुलखात, डेल्सफर्डला, दुकान टाकून बसले होते. १८६१मध्ये इंग्लंडला परत जाऊन त्याने लिंकनशायरमधल्या आल्फर्डच्या मेरी माउंटनशी लग्न केलं. ती ख्रिश्चन, हा ज्यू. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी काय म्हटलं असेल, त्याची कल्पना आपल्याला करायला फार ताण द्यावा लागत नाही. १८६३मध्ये दोघं न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला, आणि तिथून लगोलग क्वीन्सटाउनला.

आमचा क्वीन्सटाउनचा बेत आधीच ठरलेला होता. फक्त आता मला त्या गावात बघायला दुसरंही काही होतं.

डनीडिनहून क्वीन्सटाउन गाडीने साधारण पावणेतीनशे किलोमीटर. मनू चालवत होती, मी डावीकडे बसून उगाच ब्रेक दाबत होतो. मिल्टन सोडून आत वळलो आणि ग्लेनोरपाशी तिने गाडी हळू केली. "इथे तुझ्या गावचा एक माणूस आहे."

मला वाटलं कुणी दुकानवाला असेल. निघालं स्मारक. एडवर्ड पीटर्स नावाच्या माणसाचं. इथे त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. अँग्लो-इंडियन, जन्म साताऱ्याचा, १८२६च्या आसपासचा. १८५३मध्ये जहाजावरून आला आणि परत जहाजावर गेलाच नाही. मेंढ्यांच्या रानांत मजुरी करता करता १८५०च्या दशकाच्या शेवटाला याच भागातल्या ओढ्यांत त्याला सोनं सापडलं. त्याने ते कुणापासून लपवलं नाही. १८६१च्या मे महिन्यात गेब्रिएल रीड नावाचा माणूस त्याच माहितीच्या मागावर आला, त्याला पुढच्या घळीत घबाड लागलं आणि ओटागोत सोन्यासाठी झुंबड उडाली. घळीला नाव रीडचं. सरकारकडून १००० पौंडांचं बक्षीस, तेही रीडला. पीटर्सला १८८५मध्ये, म्हातारपणी, ५० पौंड द्यायचं ठरलं आणि तेसुद्धा लोकांनी वर्गणी काढून तेवढेच घातले तर, या अटीवर. १८९३मध्ये तो डनीडिनच्या अनाथ-वृद्धांच्या आश्रमात वारला. स्मारक झालं २००९मध्ये. अनावरण केलं आनंद सत्यानंद यांनी. ते भारतीय वंशाचे, तेव्हाचे गव्हर्नर-जनरल.

मी सातारा जिल्ह्याचा. शाळेत आम्हाला छत्रपतींची गादी, प्रतिसरकार, यशवंतराव सगळं शिकवलं. हा गडी कुणी कधी सांगितला नाही. गाडीत बसल्यावर मी मनूला म्हटलं, "याला पँट तरी धड मिळाली असेल का गं?" ती म्हणाली, "मामा, तुझं डोकं आता त्या पँटीतच अडकलंय."

अडकलं होतं खरं. कारण पुढचे चार तास मी हाच हिशोब करत होतो. सोन्याची बातमी साताऱ्याच्या माणसाने दिली, सोनं तस्मानिया-व्हिक्टोरियाहून आलेल्यांनी उपसलं, आणि ते ज्याच्या गल्ल्यात जाऊन पडलं त्यातला एक हा ब्राउनश्वाइगचा दुकानदार. खाणकामगाराला पीठ लागतं, मेणबत्त्या लागतात, फावडं लागतं. आणि बर्फगार पाण्यात दिवसभर गुडघे टेकून वाळू धुणाऱ्याची पँट किती महिने टिकणार? आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात वडील जाड खाकीचे ताके वेगळे मागवायचे, ते आठवलं.

लॉरेन्स, रॉक्सबर्ग, अलेक्झांड्रा. लॉरेन्सलाही हॅलनस्टाइनच्या दुकानाची शाखा होती, पुढे क्रॉमवेलला आणि ॲरोटाउनलाही. क्रॉमवेलला चहासाठी थांबलो. जुनं क्रॉमवेल आता बरंचसं पाण्याखाली आहे. क्लाइडच्या धरणामुळे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे डन्स्टन तलाव भरला आणि जुनी बाजारपेठ बुडाली. काही इमारती वर आणून काठावर उभ्या केल्यात. पूर्वी इथे कावाराऊ आणि क्लुथा या दोन नद्या मिळायच्या, दोन रंगांच्या, आणि गावाचं पहिलं नावच मुळी ‘जंक्शन’. कराडच्या माणसाला संगम दाखवू नये, त्यातून बुडालेला तर नाहीच. मी रेलिंगला टेकून इतका वेळ उभा राहिलो की मनूचा चहा संपून माझा गार झाला. तलाव निळाशार, सुंदर, आणि सगळा एकाच रंगाचा.

कावाराऊच्या घळीतून वर गेलं की खोरं उघडतं आणि एकदम पिवळं होतं. पॉपलर, विलो, सगळी युरोपातून आणून लावलेली झाडं, आणि एप्रिलमध्ये ती पेटल्यासारखी दिसतात. ॲरोटाउनच्या संग्रहालयात आम्ही तासभर काढला. गावाच्या टोकाला नदीकाठी चिनी खाणकामगारांच्या झोपड्या जपल्या आहेत. दगडाच्या, बुटक्या, एकेक डोंगराच्या कुशीत घुसवलेली. १८६५मध्ये ओटागोनेच त्यांना बोलावलं, कारण गोरे खाणकामगार दुसऱ्या सोन्याच्या मागे निघून गेले होते. ते आले, उरलेली वाळू पुन्हा धुतली, आणि १८८१मध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांची डोईपट्टी बसली. पुढे ती १०० पौंड झाली. २००२मध्ये देशाने माफी मागितली. मी एका झोपडीत शिरलो, तर छताला डोकं लागलं. माझी उंची पाच फूट सहा इंच.

संग्रहालयातून निघालो ते स्पिअरग्रास फ्लॅट नावाच्या रस्त्याने. इथे हॅलनस्टाइनचं शेत होतं, थर्लबी डोमेन. त्याने बांधलेल्या दगडी घराच्या आता भिंती उरल्यात, जागा खासगी आहे, त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच मान उंच करून पाहिलं. मोठमोठी जुनी झाडं आणि मधून दगड. ‘थर्लबी’ हे नाव मेरीच्या लिंकनशायरमधल्या गावाकडचं. आणि कावाराऊ नदी तलावातून जिथे बाहेर पडते, तिथे धबधब्याशी जी पिठाची गिरणी होती, तिचं नाव ब्रन्सविक मिल. ब्रन्सविक म्हणजे ब्राउनश्वाइग, इंग्रजीत. गिरणीला आपलं गाव, शेताला बायकोचं माहेर. हे वाचल्यावर हा माणूस मला पहिल्यांदा दिसला असं वाटलं. ‘ब्रँड’ म्हणून दीडशे वर्षं मिरवणाऱ्या आडनावामागे कुणीतरी रात्री बायकोला विचारलं असणार, "शेताला काय नाव देऊ या?"

गिरणीच्या जागी आज काही नाही. कावाराऊ फॉल्सला आम्ही पुलाच्या अलीकडे थांबलो. नवा पूल २०१८चा. शेजारी जुना, एका वेळी एकच गाडी जाईल असा, तोच मुळात १९२६चा बंधारा आहे. नदीचं पाणी अडवायचं, पात्र कोरडं पाडायचं आणि तळातलं सोनं उचलायचं, असा तो बेत होता. दरवाजे बंद केले, पण खाली शॉटोव्हर नदी येऊन मिळतेच की, तिचं पाणी कोण अडवणार? पात्र काही म्हणावं तसं कोरडं पडलं नाही आणि भागधारकांचे पैसे बुडाले. त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी त्याच जागी एकाने पीठ दळून पैसे केले होते.

क्वीन्सटाउन आता पर्यटकांचं गाव. पुलावरून उड्या मारा, विमानातून उड्या मारा, नदीतून सुसाट बोटी पळवा. माझ्या वयाला साजेसं म्हणजे १९१२ची कोळशावर चालणारी ‘अर्न्सलॉ’ बोट, तीवर बसून घेतलं. खाली इंजिनात कोळसा टाकणारा पोरगा घामाने निथळत होता आणि वर आम्ही कानटोप्या घालून फोटो काढत होतो. तलावाचं नाव वाकातिपू. नाय ताहू हे इथले माओरी लोक हिरव्या पाषाणासाठी, पौनामूसाठी, याच तलावाच्या वरच्या टोकाला शतकानुशतकं जात होते. गावात फिरताना ज्यांची नावं रस्त्यांना दिसतात ती बहुतेक सगळी १८६०नंतर आलेल्यांची.

त्यातलाच एक हॅलनस्टाइन स्ट्रीट. उतारावरून आडवा जाणारा, बरीचशी हॉटेलं आणि भाड्याच्या सदनिका. पाटीखाली मी पँटीसकट फोटो काढून घेतला. खाली बीच स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं.

याच गावात तो १८६९मध्ये महापौर झाला आणि १८७२पर्यंत राहिला. आता हे साल बघा. १८६९च्या जुलैमध्ये उत्तर जर्मन संघराज्याने कायदा केला की धर्मावरून कुणाचे नागरी हक्क कमी करता येणार नाहीत. ब्राउनश्वाइग त्या संघराज्यात होतं. म्हणजे मायदेशात ज्यू माणसाला पूर्ण नागरिक मानावं की नाही हे ज्या वर्षी कागदावर आलं, त्याच वर्षी हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. गावात सगळेच उपरे. थाटाच्या आयकार्ट हॉटेलचा मालक प्रशियाचा. गाव स्थापन होऊन दहा वर्षंही झालेली नाहीत, तर ‘मूळचा कुठला’ हे विचारणार कोण? पण झोपडीत छताला डोकं लागलेलं माझ्या अजून लक्षात होतं. विचारत होते, चिन्यांना विचारत होते. पीटर्सलाही.

१८७२मध्ये वाकातिपू मतदारसंघातून तो संसदेत निवडून गेला आणि ओटागोच्या प्रांतिक मंडळातही. संसद वेलिंग्टनला. तेव्हा या तलावापर्यंत रेल्वे नव्हती, ती आली १८७८मध्ये, पलीकडच्या काठाला. म्हणजे आधी बोट, मग घोड्यांची गाडी, मग समुद्रातलं जहाज. दुकानदार माणूस, त्याला गल्ल्यावरून उठून इतके दिवस भाषणं ऐकत बसणं मानवलं नसावं, असा माझा अंदाज. माझे वडील एकदा नगरपालिकेला उभे राहणार होते, आईने एकच विचारलं, "दुकानात कोण बसणार?" संपला विषय. १८७३मध्ये हॅलनस्टाइनने खासदारकीचा राजीनामा दिला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ज्युलियस व्होगल हा लंडनचा ज्यू, डनीडिनला वर्तमानपत्र काढून वर आलेला, देशाचा पंतप्रधान झाला. राजकारणात राहिला असता तर वारं अनुकूल होतं. पण १८७३ हे साल दुकानाच्या पाटीवर आहे, संसदेच्या नव्हे.

अडचण साधी होती. शाखा वाढल्या, तयार कपडे मात्र इंग्लंडहून यायचे. माल वेळेवर मिळेना. मग डनीडिनला स्वतःच कारखाना काढला, न्यूझीलंड क्लोदिंग फॅक्टरी. लोकर इथलीच, जवळच मोसगिलला १८७१पासून कापडाची गिरणीही झाली होती. शिवलेला माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत पुरेसा खपेना, तर १८७६मध्ये शहराच्या मध्यावर, ऑक्टॅगन नावाच्या चौकात, थेट गिऱ्हाइकाला विकायचं दुकान उघडलं. १९००पर्यंत देशभरात अशी ३६ दुकानं. शिवाय १८८४मध्ये डीआयसी नावाची कंपनी काढून डनीडिन, क्राइस्टचर्च, वेलिंग्टनला मोठी दालनं. मधला दलाल काढून टाकायचं स्वप्न आमच्या बाजारपेठेतल्या प्रत्येकाने पाहिलं, जमलं एखाद्यालाच.

परत डनीडिनला आलो तेव्हा माझी बॅग दारात वाट बघत होती. पँट मात्र मी काढली नाही.

डाउलिंग स्ट्रीटला कारखान्याची १८८३ची इमारत अजून उभी आहे, डेव्हिड रॉस नावाच्या वास्तुविशारदाने आखलेली. आता आत चित्रांची गॅलरी. मी चित्रं कमी आणि खिडक्या जास्त बघितल्या. शिवणकाम करणाऱ्या माणसाला पगाराआधी उजेड लागतो. सुईत दोरा ओवता येईना झाला की डोळे वयाआधीच उतरणीला लागले समजायचे.

आणि इथे मला जरा गप्प व्हावं लागलं. कारण याच शहरात, १८८८मध्ये, रदरफर्ड वॅडेल नावाच्या पाद्र्याने चर्चमध्ये उभं राहून स्वस्ताईच्या पापावर प्रवचन दिलं होतं. स्वस्त शर्ट मिळतो तो कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर, असं त्याचं म्हणणं. बायका कपड्यांची बोचकी घरी न्यायच्या, नगावर पैसे, आणि व्यापाऱ्यांच्या चढाओढीत नगाचा दर घसरतच जायचा. पुढच्या वर्षी इथेच शिंपिणींची संघटना उभी राहिली आणि १८९०मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. खरी पिळवणूक एका छताखालच्या यंत्रांपेक्षा या घरकामात जास्त होती. कारखाना काढणाऱ्याच्या बाजूने तेवढं बोलता येईल.

माझ्या वडिलांच्या बाजूने तेही नाही. काज-बटणाचं काम आमच्याकडे गल्लीतल्या बायकांनाच जायचं, डझनावर. लहानपणी शर्टांचे गठ्ठे पोचवायला मीच सायकलवरून जायचो. एक मावशी होत्या, दारात बसून, मावळत्या उजेडात काज करायच्या. दोन डझन झाले की बोटाला पाणी लावून शर्ट मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि मी उभा. कधी एखाद्या शर्टाला डाग पडला तर त्याचे पैसे वडील कापायचे. ते कापलेले पैसे मावशींना मीच सांगायचो, कारण वडील स्वतः कधी तिकडे गेले नाहीत.

मनूला हे मी आधी कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "आजोबा? खरंच?" मी म्हटलं, "सगळ्यांचेच आजोबा."

या घराण्याचा पैसा पुढे भलतीकडेच गेला. हॅलनस्टाइनला चार मुली. थोरली सारा, तिचं लग्न आतेभाऊ विली फेल्सशी झालं. (आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क म्हणतात तेच; जर्मन ज्यूंनाही वावडं नसावं.) फेल्सने धंदा सांभाळला, पण जीव जुन्या वस्तूंत. ओटागो म्युझियममध्ये १९३०मध्ये उघडलेला एक अख्खा विभाग त्याच्या नावाचा आहे. पणतू चार्ल्स ब्राश कवी झाला, १९४७मध्ये त्याने देशातलं नावाजलेलं वाङ्मयीन त्रैमासिक सुरू केलं. नातवंडांपैकी एस्मंड द बीर लंडनला बसून जुन्या इंग्रजी रोजनिशा आणि पत्रव्यवहार संपादित करत राहिला, त्याची बहीण डोरा डोंगर चढत राहिली, आणि या भावंडांनी आजोळच्या शहराला पुस्तकं, चित्रं भरभरून दिली. खाणकामगारांच्या पँटींतून कविता. पणजोबांना ते कळलं असतं का, माहीत नाही. खतावणी कळली असती.

शेवटच्या दिवशी सदर्न सेमेटरीला गेलो. १८५८ची दफनभूमी, उताराची, समुद्राकडे तोंड असलेली. ज्यू लोकांचा भाग वेगळा, चिन्यांचा वेगळा, आणि गवत दोन्हीकडे सारखंच वाढलेलं. बेंडिक्स हॅलनस्टाइन १९०५च्या ६ जानेवारीला वारला आणि इथे आहे. रिमझिम सुरू होती. दगडाशी वाकून अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात पायात काहीतरी लोंबल्यासारखं झालं. मनूचा कच्चा टाका ओल्या गवतात उसवला होता आणि पँटीची चार बोटं बुटाखाली आली होती.

"सांगितलं होतं, पक्की शिवून घेऊ," मनू म्हणाली.

मी तिथेच वाकून दोन्ही पाय वर दुमडून घेतले, आणि आम्ही चढ चढून गाडीकडे निघालो.